कवठी चाफ्याचं पहिलं फूल

गिरगावातल्या आमच्या वाडीत विहिरीजवळ, अर्ध्या कापलेल्या पिंपात, कवठी चाफ्याचं बुटकं झाड होतं. ते लावलं होतं शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी. तांदूळ धुतलेलं पाणी ते रोज स्वतः आणून घालत आणि वर झाडाला दटावत, "यंदा नखरे नकोत, कळलं ना?"

फूल तोडताना मात्र मान पार मागे वळवत, कारण हुंगलेलं फूल देवाला चालत नाही.

"अहो, वास तर सगळ्या वाडीत पसरलाय," मी एकदा म्हटलं.

"तो आपणहून आला तर दोष नाही. आपण नाक घेऊन जाऊ नये, कळलं ना?"

एका वर्षी ऐन आषाढात माझ्या बायकोला कवठाचे डोहाळे लागले. कवठं तर कधीच संपली होती. घोड्यांच्या ट्रामने भायखळ्याच्या बाजारापर्यंत जाऊन मी हात हलवत परत आलो. विहिरीवर त्यांना हे सांगितलं, तर नुसतं "हूं" म्हणाले.

संध्याकाळी ते आमच्या दारात उभे. ओंजळीत त्या हंगामातलं पहिलं फूल, पिकल्या कवठासारखं घमघमणारं.

"घे सूनबाई, पोटभर हुंग."

ती संकोचली. "पहिलं फूल देवाचं ना?"

"देवाला उद्याचं वाहीन. त्याला कुठे डोहाळे लागतात?"

तिने डोळे मिटून फूल हुंगलं. म्हातारबुवा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला.

"आता ते देवाला चालायचं नाहीच. आण इकडे," म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपल्या फुलात नाक खुपसलं.