आते, गळा आणि असोला नारळ

सकाळी आचऱ्याहून शेजारच्या वयनीचा फोन आला. "सुमा, शालूआते गेली गो. सुयो हातातच होत्यो..." त्याला महिना झाला, मी अजून आचऱ्यालाच आहे. भेटणारा प्रत्येक जण 'बिचारी' म्हणतो. लग्न झालं नाही, विणकामात वेळ काढला, बिचारी. मला या शब्दाचा राग येतो. आते बिचारी नव्हती, हट्टी होती.

माझे बाबा बोटीवर होते. त्या धाकट्या भावासाठी तिने पहिला स्वेटर विणला तेव्हा सगळी वाडी हसली होती. "हंय थंडी खंय आसा गो?" असं वयनी तर पुढे कायम विचारत राहिली. त्यात बाबांचं पत्र आलं, "स्वेटर बरो आसा, पण आत शिरतलंय कसो?" गळ्याची दोन सुलट दोन उलट पट्टी छान ताणत होती, पण शेवटचे टाके एकमेकांवरून ओढून बंद केल्याने काठ दोरीसारखा आवळला होता. बाबांनी कात्रीने गळा कापला. आते दोन दिवस जेवली नाही. मग तिने स्वतःच वाट काढली. काठाच्या तिप्पट लोकर बोथट सुईत ओवायची, आणि एकेक टाका उतरवत, प्रत्येकातून दोनदा सुई नेत, काठ शिवून टाकायचा, म्हणजे तोही पट्टीसारखा ताणतो. भाऊ समुद्रावर, मग गळा बघायचा कोणावर? तिने बाबांच्या डोक्याएवढा असोला, सालासकटचा नारळ शोधून पडवीत ठेवला. गळा त्यावरून सहज उतरला आणि पुन्हा जागेवर आला, तरच स्वेटर पुरा.

यंदा माझी लेक इंजिनिअर म्हणून पहिल्यांदा बोटीवर निघणार होती. आते तिच्यासाठी विणत होती त्या स्वेटरचा फक्त गळ्याचा काठ राहिला होता... वयनी म्हणाली, "मेलेल्याचा अर्धवट काम पोरीच्या अंगार घालूक नको. चितेर ठेव ता." मी स्वेटर सुयांसकट उचलून पिशवीत टाकला. चितेवर लोकरीचा एक धागा जाऊ दिला नाही.

काठ मी शिवला, आणि नारळ गळ्यात अडकला! मला रडू आलं. आते नेहमी सांगायची, "दोरो ओढू नको. टाको बसाक होयो, गुदमराक नको." सगळं उसवलं. दुसऱ्या दिवशी हात सैल सोडून पुन्हा शिवलं. या वेळी गळा नारळावरून सुळकन उतरला. लेक निघायला तीन दिवस होते.

तेराव्याला भटजींना नारळ कमी पडला, तेव्हा वयनीचा हात त्या नारळाकडे गेला. मी सगळ्यांसमोर ओरडले, "त्याला हात लावायचा नाही!" घरातले नाराज झाले. होऊ देत.

परवा लेकीचा फोटो आला. बोटीच्या कठड्यावर बर्फ, अंगात आतेचा स्वेटर. मी तडक वयनीकडे गेले. "इचारी होतंस ना, थंडी खंय आसा? बघ!" वयनीने फोटो डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाहिला. मग हळूच म्हणाली, "माझ्या नातवाक एक करशीत?"

नातवाचं डोकं किती आहे ते विचारून आले. नारळ पडवीतच आहे.