उतरवायचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — तिथे तर मी शिताफीनं दुसऱ्याच चुका पुढे करत आले. मग आता का सांगते आहे? काल नातीनं माझा हात धरला आणि म्हणाली, आजी, तुझी नखं रंगवू? मी हात असा हिसकला की पोर दचकून रडायलाच लागली. स्वतःचा इतका संताप आला मला! म्हटलं, पुरे झालं आता.

गोष्ट नखांच्या रंगाची आहे. हसू नका. म्हणजे — हसा, सुरुवात हसण्यासारखीच आहे.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या हिवाळ्यातली. आम्ही मूळ कळसाडीचे गुजर, शेतीवाडी तिकडेच; पण वडील नंदुरबारला मिरचीच्या अडतीवर मुनीम होते, म्हणून बिऱ्हाड नंदुरबारला. मी मॅट्रिकच्या वर्गात. त्या वर्षी दादाचं लग्न झालं आणि सुरतेची वहिनी घरात आली. तिच्या पेटीत एक चपटा डबा होता. त्यात रंगाच्या तीन बाटल्या, नखं घासायची बोटभर कानस, आणि एक बाटली बिनरंगी पाण्याची. रंग नकोसा झाला की कापसावर ते पाणी घ्यायचं आणि उतरवायचं. वहिनीनं एकदा हौसेनं दाखवलं. मायनं तिच्याकडे नुसतं बघितलं, आणि डबा गेला पेटीच्या तळाशी. तिथून तो मी काढला. चोरलाच म्हणा ना. दाण्याच्या कोठीमागे लपवला.

आणि काय सांगू, किती छळलं त्या रंगानं! डाव्या हाताची नखं जरा तरी बरी व्हायची. उजव्याची वेळ आली की ब्रश थरथरायचा, रंग पार बोटाच्या पेरापर्यंत. वाळतो म्हणता वाळायचा नाही. वाळला असं वाटून हात लावावा, तर ठसा उमटायचा. एकदा तर माशी येऊन चिकटली. आणि वास! रंग काय, ते पाणी काय, पिकून गळलेल्या केळ्यांचा वास घरभर, म्हणून मी मागीलदारी जाऊन बसायची. नीट जमायच्या आतच मायची हाक यायची, की घाईघाईनं पुसा. एकदा अर्धवट पुसलेल्या हातांनी पीठ मळलं आणि रंगाचा लाल पापुद्रा वडिलांच्या भाकरीत गेला. त्यांनी तो बोटानं बाजूला काढला. "मिरचीनं फोतर शे," म्हणाले, आणि जेवत राहिले. आमच्या गावात हिवाळ्यात ताटात काहीही लाल दिसलं की ते मिरचीचंच. मी तोंडात पदर कोंबून हसले होते.

पण मला हे सांगायचं नाहीये. मी उगाच रेंगाळते आहे.

मागच्या गल्लीत नसीम राहायची. माझ्याच वर्गातली, माझी जिवाची मैत्रीण. तिला वडील नव्हते. आई — मी तिला खाला म्हणायची — मिरचीच्या पथारीवर कामाला जायची. पथारी म्हणजे गावाबाहेरची मोकळी मैदानं, जिथे मिरची वाळत घालतात. तिथे बसून दिवसभर देठ खुडायचे. बघताना वाटतं, त्यात काय? पण तिखट नखाखाली जातं आणि मग तेल लावा, ताक लावा, आग थांबत नाही. खाला घरी येऊन ताकाच्या वाडग्यात बोटं बुडवून बसायची. तिची नखं कडांनी सोललेली, पिवळी पडलेली असायची.

मीच सुचवलं. मी मोठी शहाणी ना! म्हटलं, खाला, हा रंग म्हणजे लाखेचा थरच. नखावर बसला की तिखट आत शिरणार नाही. नसीमला ते एकदम पटलं. खाला मात्र विचारात पडली. नमाजीआधी वजू करतात, हात-तोंड धुतात, तेव्हा पाणी नखाला लागलं पाहिजे. मध्ये असा थर असला तर वजू होत नाही. पण बायकांना महिन्याच्या त्या दिवसांत नमाज माफ असते, आणि तिचे ते दिवस नुकतेच सुरू झाले होते. तेवढ्या दिवसांपुरता लाव, म्हणाली. मग न्हाण्याच्या दिवशी उतरवून देशील ना, असं तिनं मला विचारलं. दोनदा विचारलं. मी हो म्हटलं. दोन्ही वेळा.

तिची नखं मी माझ्यापेक्षा सुबक रंगवली होती. हात पुढे धरून ती लहान मुलीसारखी बघत बसली. आग कमी झाली का? झाली म्हणाली ती. खरं होतं की माझं मन राखायला, कोण जाणे.

न्हाण्याचा दिवस आला. खाला स्वतः आमच्या मागीलदारी आली.

"बेटी, आते उतारी दे ना ते. मन्ही नमाज जाई ऱ्हायनी."

बाटलीच्या तळाशी पाणी उरलं होतं, जेमतेम दहा नखांपुरतं. आणि माझा एक गडद लाल रंग लावून बघायचा राहिला होता. पाणी संपलं की माझा खेळ संपला. ऐकताय ना? एवढंच कारण होतं. याहून मोठं कारण असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

"खाला, पाणी पेटीमा शे. पेटीले कुलूप शे, किल्ली वहिनी जोडे," मी म्हणाले. उद्या देते म्हटलं. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हटलं. तिनं फुटक्या बांगडीच्या काचेनं खरवडून पाहिलं, पण सोललेल्या बोटांतून रक्त यायला लागलं. मग ती थांबली. माझ्यावर विसंबून थांबली.

त्यातच तिला पथारीवर थंडी भरून ताप आला. छातीत कफ धरला. आजारी आहे हे नसीमनं मला शाळेत सांगितलं होतं. मी बघायला गेले नाही. का गेले नाही, हे तुम्हीच ओळखा.

एके दिवशी पहाटेच घरची सगळी मंडळी कळसाडीला लग्नाला गेली. अभ्यासाचं निमित्त करून मी मागे राहिले. दुपारच्या मोटारीनं मंडळी परत यायची होती. दार लावलं आणि बसले लाल रंग घेऊन. आणि बघा, त्या दिवशी तो जमला! पहिल्यांदाच. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. मी हात उन्हात धरून बसले होते, तेवढ्यात नसीम मागीलदारी आली. अनवाणी.

खाला पहाटे गेली होती. आता तिला आंघोळ घालायची होती, शेवटची. पण बोटांवर रंग. नखाला पाणी लागल्याशिवाय ती आंघोळ पुरी होत नाही. बायका खोळंबल्या होत्या, नसीमची मावशी विचारत होती, हे कुणी केलं. नसीम बोलत होती आणि माझ्या ओल्या लाल नखांकडे बघत होती. माझी जीभ तरीही अडखळली नाही. म्हटलं, रंग तेवढा बाहेर राहिला, पाणी पेटीतच आहे.

"कुलूप तोडी टाक," ती म्हणाली.

"माय माले मारी टाकी."

ती वळली आणि धावत गेली.

मायनं मला मारलं असतं का? बोलली असती, चार दिवस अबोला धरला असता. वडील शाळा सोडवतील, अशीही एक भीती मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. त्यांनी मला कधी साधं दरडावलंसुद्धा नव्हतं. मोटार यायला अजून अवकाश होता. नसीमच्या मागोमाग धावत गेले असते, तरी पुरलं असतं.

मी दाराला कडी घातली. कोठीमागून बाटली काढली. सरकीतून कापूस ओढला. एकेक नख पुसलं, कोपऱ्याकोपऱ्यातून, शांतपणे. हो, शांतपणे — याचाच मला आजही राग येतो, की हात जरासुद्धा थरथरला नाही. पाणी बरोबर पुरलं. रिकामी बाटली उकिरड्यात पुरली, कापूस चुलीत घातला. आणि मग, चांगली मैत्रीण म्हणून, तिच्या दारी गेले.

अंगणात चादरींचा आडोसा केला होता. मी बाहेर बायकांत उभी राहिले. आतून ब्लेडनं खरवडल्याचा आवाज येत होता. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मावशीनं पुन्हा विचारलं, आईच्या हाताला हे कुणी लावलं? मला वाटलं, आता माझं नाव येणार. नसीम म्हणाली, "मीच लावं व्हतं." मग चापट मारल्याचा आवाज आला. मी तिथेच होते. चादरीच्या अलीकडे, दोन हातांवर. खरवडणं पुन्हा सुरू झालं, आणि ते नसीमच करत होती, हे तिच्या हुंदक्यांवरून कळत होतं.

बऱ्याच वेळानं खालाला उचलून नेलं. नसीम बाहेर आली. मी पुढे झाले, मला तिला जवळ घ्यायचं होतं. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. तिच्या बोटांना लाल भुकटी लागली होती. तिनं खाली पाहिलं, माझ्या नखांकडे. स्वच्छ होती ती. माझ्या हातांना अजून पिकल्या केळ्यांचा वास येत होता.

तिनं माझे हात सोडले आणि आत गेली. पुढे वर्गात ती दुसऱ्या बाकावर बसू लागली, आणि मॅट्रिकनंतर ती मला कधी दिसली नाही.

बाटलीत पाणी होतं. दहा नखांपुरतं होतं. ते मी माझ्या नखांना लावलं.