बाँडवाल्या सरांचं उकळलेलं पाणी

बाँडवाले सर रसायनशास्त्र शिकवताना पोरांना हात धरायला लावायचे. वाडीत एका गोदामावरच्या खोलीत त्यांचे क्लास चालत. दोन पोरं समोरासमोर, चारही हात घट्ट: हा ऑक्सिजनचा रेणू, धरलेले हात म्हणजे बाँड. मग सर एकाच्या बोटांत दप्तर अडकवायचे. पकड सुटत जायची, पोरं लांब सरकायची. "पाहा गा, जास्तीचा इलेक्ट्रॉन आला म्हणून बाँड पक्का होत नाही. ढिला होऊन लांबते तो. हसता काहून?" आम्ही हसायचो, पण पेपरात ते दप्तरच आठवायचं.

पाण्याच्या बाबतीत मात्र हा विज्ञानाचा माणूस भलताच कर्मठ. तरुणपणी काविळीतून कसेबसे वाचलेले. नुसती उकळी त्यांना चालत नसे, पातेलं अर्धं आटलं पाहिजे. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही तोच नियम. "जीव प्यारा आहे ना? मंग आटू दे."

मी पुढे नर्स झाले. यंदाच्या उन्हाळ्यात सर आमच्या दवाखान्यात धावतच शिरले. त्यांच्या मागोमाग पारशिवनीकडच्या खेड्यात दिलेली त्यांची लेक, तिच्या छातीशी दोन महिन्यांची नात. पोर निळी पडली होती. ऑक्सिजन लावला तरी रंग फिरेना. डॉक्टरांनी रक्त काढलं, ते चॉकलेटी निघालं. सर सिरिंजकडे बघतच राहिले. "रक्तातल्या लोहाचा इलेक्ट्रॉन गेला वं," ते मला म्हणाले. "आता ते ऑक्सिजनले धरूनच नाही राहिलं."

दूध कसलं देता, डॉक्टरांनी विचारलं. पावडरचं, शेतातल्या विहिरीच्या आटवलेल्या पाण्यात, लेकीनं सांगितलं. खतातलं नायट्रेट विहिरीत उतरलं असेल, त्यानंच तान्ह्यांचं रक्त असं होतं, डॉक्टर म्हणाले. सरांनी भिंतीला हात टेकला. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही; पाणी आटेल तसं उलट दाट होतं. हे सरांना कुणी सांगायची गरज नव्हती.

गेलेला इलेक्ट्रॉन परत मिळवून देणारं निळं इंजेक्शन आमच्याकडे नव्हतं. सर चिठ्ठी घेऊन भर उन्हात निघाले. दारातून वळून म्हणाले, "एकच इलेक्ट्रॉन द्याचा आहे हो, डॉक्टरसाहेब. एकच." मला रडू आवरेना. इंजेक्शन मिळालं. ते घेऊन सर आले तेव्हा पोर गेली होती.

लेक ओरडली नाही. तिनं बापाला विचारलं, "बाबा, मी कमी उकळलं का? अजून आटवाले पायजे होतं का?"

सर तिच्या पायाशी बसले. "नाही वं माय. मीच... त्या पाण्यानंच..."

ती पदरानं त्यांचे डोळे पुसत राहिली. "तुम्ही नका रडू, बाबा. तुम्ही तर सारं बराबर सांगतलं होतं."