पापड लाल का पडले

चौथीपर्यंत शिकले, म्हणून लिहायला वेळ लागतो. पण हे मला लिहून ठेवायचंच आहे. कुणाला दाखवायचं नाही.

मोरिवलीच्या आमच्या घरी दर उन्हाळ्यात गच्चीवर उडदाचे पापड होतात. पीठ आम्ही दोघी जावा मळतो, लाटायला आळीतल्या बायका येतात. पापड वाळले की पहिला घाणा देवापुढे ठेवायचा, मग त्याच बायकांना चहाबरोबर द्यायचा, ही सासूबाईंची रीत. पाळी चालू असेल तिने पिठाला शिवायचं नाही. शिवली तर पापड तळताना लाल पडतात, असं सगळ्या मानतात.

काही वर्षांपूर्वी पापड लाल पडले. माझी पाळी तेव्हा दोन-दोन महिने यायची नाही, आणि आली की थांबायची नाही. लाटायच्या दिवशी काहीच नव्हतं. तळायच्या दिवशी दुपारी अचानक सुरू झाली. साडीवरचा डाग धाकट्या जावेने पाहिला. लाल पापड झाऱ्यावर धरून ती सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, लपवलंत ना? लाटतानाच आली असणार. देवाचं तरी भय ठेवायचं!"

"या वयात तारखा विसरतात गं," एक शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या.

चार बायकांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. तेव्हाही निघाला नाही. पापडखार जावेनेच आणला होता, पिठात तिनेच घातला होता. पण सासूबाईंनी पोळपाट माझ्याकडून काढून घेतलं. पुढचे उन्हाळे मी कठड्याशी काठी घेऊन कावळे हाकलत बसले. जवळच्या केमिकल कंपन्यांचा वास सुटला की पापडांवर चादर टाकायची, एवढंच माझं काम.

रक्त फारच जायला लागलं तेव्हा उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या सिंधी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सांगितलं ते मी आमच्या नळावरून लक्षात ठेवलं. तरुणपणी हॉर्मोन महिन्याच्या महिन्याला ठरल्यासारखं चढतं-उतरतं. पाळी जायच्या आधीची काही वर्षं मात्र पाणी जाताना नळ करतो तसं होतं. मध्येच धो धो, मध्येच नुसती हवा. इस्ट्रोजेन म्हणतात ते हॉर्मोन कधी तरुणपणापेक्षाही वर जातं, कधी एकदम पडतं. त्याला आवर घालणारं दुसरं हॉर्मोन आधीच कमी झालेलं असतं, म्हणून रक्त जास्त जातं. घाम, चिडचिड, उडालेली झोप, सगळं त्यातलंच. सलग बारा महिने आली नाही की पाळी गेली म्हणायची. मग हॉर्मोन खालीच राहतं आणि अंग हळूहळू त्याला सरावतं. हाडं तेवढी जपायची.

"त्याने पापड लाल पडतात का?" मी हळूच विचारलं.

त्या खदखदून हसल्या. "भाभी, पापड का तो हम सिंधियों से पूछो! खार ज़्यादा डाला होगा किसीने."

ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि सांभाळून ठेवलं.

माझी पाळी गेली. वर्ष उलटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता तुझं काही राहिलं नाही. यंदा पीठ तूच बघ." जाऊ मात्र मध्येच गॅसपासून उठून पदराने वारा घ्यायला लागली होती. पोरांवर खेकसायची. आपल्याला काही मोठा आजार झालाय, या भीतीने रडायची. दोन वाक्यांत मी तिची भीती घालवू शकले असते. मी बोलले नाही.

यंदा लाटायच्या दिवशी सकाळी मोरीत तिचा परकर बादलीत भिजत घातलेला दिसला. पाणी लाल होतं. बायका येऊन बसल्या होत्या, पापड तिच्या लेकीच्या सासरी जायचे होते, म्हणून तिने लपवलं.

"ये गं," मी म्हणाले, "माझ्या शेजारी बस."

खार मी मोजून घातला होता. तिने लाटलेला एकेक पापड मी माझ्या जुन्या हिरव्या साडीवर वेगळा वाळत घातला.

पापड वाळले. मी हिरव्या साडीवरचेच तळले. पांढरेशुभ्र फुलले. देवापुढे ठेवले, बायकांना वाढले, सासूबाईंनी दोन खाल्ले.

"कसे झालेत?" मी विचारलं. या वेळी शब्द निघाला.

"कापसासारखे!"

"सगळे हिने लाटलेत. पाळी चालू असताना. परकर मोरीत होता. विचारा तिला."

कुणी हसलं नाही. जाऊ पांढरी पडली. "ताई, चारचौघांत असं बोलतात का?"

"तू मला कुठे बोलली होतीस? चारचौघांतच ना?" मी म्हणाले. "माझ्या हातून पापड लाल पडले, तर तुझ्या हातून का नाही पडले? त्या वर्षी खार किती घातला होतास, ते सांग आता सगळ्यांना."

सासूबाईंच्या हातात अर्धा पापड होता. त्यांनी तो खाली ठेवला नाही, सावकाश संपवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खार जास्तच झाला असेल तेव्हा."

माझं नाव एवढ्यावरच धुतलं गेलं. मला ते पुरलं. जाऊ तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. पलीकडच्या खोलीत ती पदराने वारा घेते, तेव्हा तिच्या बांगड्या मला ऐकू येतात. डॉक्टरीणबाईंचा पत्ता मला पाठ आहे. तिने येऊन विचारावं.