बडेबाबूंची वाढीव वर्षं

कागद हातभर लांब धरायचा, सावकाश वाचायचा, पेपरवेटाखाली सरकवायचा आणि म्हणायचं, "होते ना भाऊ, घाई काऊन?" खामगावच्या आमच्या कचेरीत तुम्ही कधी अर्ज नेला असेल, तर आमचे हेडक्लार्क बडेबाबू एवढ्यावरूनच ओळखाल.

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. नोकरीच्या पहिल्याच दिवशी हे त्यांना सांगून टाकलं.

"हाव का? मंग पहिले टपालाले तिकिटं लावा."

लावली.

त्यांची निवृत्तीची पंचावन्न वर्षं भरत आली तशा त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, कामाला लागल्या. संसार सगळा भाड्याच्या दोन खोल्यांत गेलेला. गावी, उंद्रीला, स्वतःचं घर होतं, पण तिथं राहायला जायचं बडेबाबू वर्षानुवर्षं पुढं ढकलत आले होते. काकूंनी भांडीकुंडी बैलगाडीत घातली आणि त्या पुढं गेल्या.

निरोपसमारंभ आम्ही आधीच उरकला. महिन्याचा शेवटचा दिवस बाजाराचा होता, आणि बाजाराच्या दिवशी दुपारनंतर कचेरीत माणूस सापडत नाही. शाल, नारळ, भाषणं झाली. मी त्यांना वटवृक्ष म्हणालो. दोन दिवसांनी हुकूम आला: निवृत्तीचं वय पंचावन्नचं अठ्ठावन्न झालं.

बडेबाबू खुर्चीतून उठलेच नाहीत.

"परवा वटवृक्ष म्हनत होता ना बे? आज फाईल मांगली तं तोंड वाकडं?"

सरकारचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माणसं आता जास्त जगतात; धडधाकट माणसाला घरी बसवून काय करायचं? बडेबाबू तर खूश होते. एक स्टोव्ह घेतला, त्यावर खिचडी शिजवायचे, शनिवारी उंद्रीला जायचे आणि सोमवारी पहिल्या एसटीनं परत यायचे.

एकदा मीही सोबत गेलो. काकूंनी वाढलं. हात धुताना बडेबाबू म्हणाले, "तीन वर्सं काय, अशी जातीन. घाई काऊन?"

काकू ताटं उचलत होत्या. "सरकारनं तुमची तीन वर्सं वाढवली," त्या म्हणाल्या. "माही कोनं वाढवली?"

बडेबाबूंनी तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात ओतलं.

सोमवारी आम्ही दोघं फाट्यावर आलो. गाडी आली, मी चढलो. कंडक्टर ओरडला, "चला ना बाबू!"

"जाऊ द्या," ते म्हणाले. कोणाला म्हणाले, कळलं नाही.

त्याच आठवड्यात राजीनामा आला. कचेरीत सगळे म्हणाले, म्हाताऱ्याला येड लागलं. त्यांची खुर्ची छोटेबाबूंना मिळाली.

संक्रांतीच्या सुमारास उंद्रीला गेलो तेव्हा काकू ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. जागेवरूनच त्यांनी आत हाक दिली, "अहो, पाहुन्याले चहा मांडा."

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "साखर कोन्या डब्यात हाये वं?"

काकू उठल्या नाहीत. नुसत्या हसल्या आणि पुढची शेंग हातात घेतली. आत एकेक डबा उघडल्याचा आवाज येत राहिला.