सालिनासचं नाव पुकारलं तेव्हा

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात माझी पोस्टिंग दक्षिण टेक्सासमधल्या एका कॅम्पवर झाली. मेकॅनाइज्ड इन्फंट्री. म्हणजे पायदळच, पण चिलखती गाडीत बसून जाणारं. त्या गाडीला आम्ही ट्रॅक म्हणायचो, कारण तिला चाकांऐवजी पट्टे असतात. मी स्पेशालिस्ट फोर मोहिते, म्हणजे सार्जंटच्या खालचा जवान, ट्रॅकचा ड्रायव्हर. गाव सातारा जिल्ह्यात, वडील भारतीय सैन्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. थोरला भाऊ ह्यूस्टनजवळ शुगर लँडला ऑइल कंपनीत इंजिनियर. त्याच्या मागोमाग मी ग्रीन कार्डावर आलो, कॉलेजात दोनदा आपटलो आणि सरळ आर्मीच्या भरती ऑफिसात जाऊन बसलो. दादा कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही.

कॅम्पवर पोचलो त्याच दिवशी डे-रूमच्या, म्हणजे जवानांच्या विरंगुळ्याच्या खोलीच्या, दारावर एक कागद लावलेला दिसला. खाली आमच्या तुकडीच्या, म्हणजे कंपनीच्या, कमांडरची, कॅप्टन व्हिटलॉकची सही. कंपनीच्या हद्दीत फक्त इंग्लिश बोलायचं. ड्यूटीवर असा नाहीतर नसा. मेसमध्ये, बरॅकमध्ये, मोटरपूलमध्ये, रेडिओवर. रेडिओचं मी समजू शकतो. पण बरॅकमध्ये? माणूस दाढी करताना काय पुटपुटतो याच्याशी कॅप्टनला काय करायचंय? आमच्या कंपनीत मेक्सिकन घरांतले आणि प्वेर्तो रिकोचे खूप जण होते. कागद कुणासाठी होता ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आमच्यातला एक कॉर्पोरल जर्मन बायकोशी फोनवर तास तास जर्मन बोलायचा, ते मात्र कुणाच्या कानावर पडायचं नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

आणि शिक्षा कुणाला झाली? मला. रविवारी दुपारी डे-रूमच्या फोनवरून मी वहिनीशी बोलत होतो. त्यांचा एसी बंद पडलेला आणि दादा इंजिनियर असल्याच्या तोऱ्यात तो स्वतःच खोलून बसलेला, हे ती सांगत होती आणि मी हसत होतो. मागे फर्स्ट सार्जंट डॉब्स येऊन उभा. कंपनीतला सगळ्यात जुना शिपाई, तोंडावरची माशी हलणार नाही असा माणूस. स्पॅनिश बोलल्याबद्दल एक्स्ट्रा ड्यूटी, म्हणाला.

"फर्स्ट सार्जंट, ही स्पॅनिश नाही."

"इंग्लिश आहे?"

"नाही, फर्स्ट सार्जंट."

"मग झालं."

मेसच्या मागचा खरकट्याचा तेलकट चिकट खड्डा मी ब्रशने घासत होतो तेव्हा स्टाफ सार्जंट इग्नासियो सालिनास माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. तो माझ्या ट्रॅकचा कमांडर. व्हिएतनाम पाहिलेला, बुटका, रुंद खांद्यांचा. शाळेत स्पॅनिश बोलला म्हणून मास्तरांनी त्याला फळीने मारलं होतं, आणि ते तो हवापाण्याच्या गप्पा माराव्या तसं सांगायचा. म्हणाला, या ऑर्डरविरुद्ध मी वर तक्रार करतोय, तू साक्षीला येशील का? मी म्हटलं, हात धुऊन लगेच येतो.

सालिनास ड्यूटी संपली की गावात जायचा. चर्चच्या मागे एक हॉल होता, तिथे जुन्या लॅटिनो सैनिकांची कमिटी बसायची. कोरियात लढलेले, व्हिएतनामात लढलेले, टोप्या घातलेले म्हातारे. सालिनासची बायको एल्विरा ती कमिटी चालवायची. मतदार म्हणून नावं घालायला लोकांना घेऊन जा, स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना शाळेने मठ्ठांच्या वर्गात टाकलं तर तिथे जाऊन भांड, अशी कामं. मी आधी तिथल्या जेवणासाठी जायचो, खोटं कशाला बोलू. मग खुर्च्या मांडायला लागलो. मग व्हॅन चालवायला लागलो.

ते गाव आमच्यावर खार खाऊन होतं. हॉलसमोर शेरीफचा माणूस गाडीत बसून आत जाणाऱ्यांचे नंबर टिपायचा. एकदा एल्विराच्या व्हॅनची चारही टायर कापलेली सापडली. नाक्यावरच्या हॉटेलात मी युनिफॉर्म घालून बसलो तरी वेट्रेस माझ्या टेबलाला वळसा घालून जायची. मी भारतातला आहे म्हणून सांगितलं असतं तर कदाचित कॉफी मिळाली असती. नाही सांगितलं. अशी कॉफी घशाखाली उतरली नसती.

दादाला हे कळलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "तू त्यांच्या भानगडीत कशाला पडतोस? आपण पाहुणे आहोत इथे." पाहुणा? पाहुण्याला कुणी खरकट्याचा खड्डा घासायला लावत नाही, एवढं बोलून मी फोन ठेवला.

तक्रार वर गेली आणि कॅप्टनने सालिनासचं जगणं नकोसं केलं. त्याच्या बुटांत खोट, त्याच्या ट्रॅकमध्ये खोट, त्याच्या सुट्ट्या कॅन्सल. सालिनास "येस सर" म्हणायचा आणि संध्याकाळी हॉलवर जायचा. तक्रारीची सुनावणी होईल, मग हा कागद दारावरून खाली येईल, असं त्याला खात्रीने वाटायचं. मला वाटत नव्हतं. मी वैतागलो की तो हसायचा आणि म्हणायचा, मोहिते, तू फार लवकर तापतोस.

सप्टेंबरात आमची एक्सरसाइज होती. ट्रॅक ओढ्यातून पार न्यायचे. आमचे ट्रॅक पाण्यावर तरंगतात, पण संथ पाण्यावर. वरच्या बाजूला आदल्या दिवशी पाऊस झाला होता आणि ओढा लाल होऊन धावत होता. सालिनासने कॅप्टनला सांगितलं, पाणी उतरू द्या. कॅप्टन म्हणाला, शेड्यूलप्रमाणे जायचं. सकाळचं लख्ख ऊन होतं. लपवाछपवी करायला कुणाला अंधारही नव्हता.

पहिला ट्रॅक उतरला. त्याचा ड्रायव्हर प्रायव्हेट न्येवेस, प्वेर्तो रिकोचा, घरी बायको आणि तान्ही मुलगी. मधोमध धारेने ट्रॅकचं नाक खाली दाबलं आणि पाणी आत शिरलं. मागचे जवान वरच्या झाकणातून बाहेर पडून पोहत आले. ड्रायव्हर पुढे एकटा बसतो. त्याच्या डोक्यावरचं झाकण पाण्याच्या दाबाने उघडेना. त्याला सुटायचा एकच मार्ग होता. सीटची पाठ खाली पाडायची आणि सरपटत मागे यायचं. हे त्याला शिकवलेलं होतं. पण जीव जायला लागला की शिकवलेलं कुठे आठवतं? रेडिओवर तो ओरडत होता, स्पॅनिशमध्ये. त्या घडीला त्याच्याजवळ दुसरी भाषा उरलीच नव्हती.

आता सिव्हिलियन माणसाने एक गोष्ट समजून घ्यावी. आमच्या रेडिओच्या नेटवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक लाइनीवर, एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. एकाने बटण दाबलं की तो सोडेपर्यंत नेट त्याचा. बाकीच्यांनी कितीही बोंबललं तरी ते कुणाला ऐकू जात नाही. म्हणून आम्हाला पहिल्या दिवसापासून बजावतात, थोडक्यात बोला आणि बटण सोडा.

काठावरच्या आमच्या ट्रॅकमधून सालिनास त्याच्याशी बोलायला लागला. शांतपणे, स्पॅनिशमध्ये. माझ्या हेल्मेटमध्ये मला ऐकू येत होतं. न्येवेसचं ओरडणं थांबलं. तो सालिनासला काहीतरी विचारायला लागला. तेवढ्यात कॅप्टनचा आवाज आला. "इंग्लिश ऑन माय नेट. आय से अगेन, इंग्लिश." आणि त्याने बटण सोडलं नाही. ऑर्डर काय आहे, तक्रार कुणी केली, नेटवर शिस्त म्हणजे काय, सगळं सांगत बसला. तो कमांड ट्रॅकमध्ये, त्याचा रेडिओ सगळ्यांत जोरकस. पुढे ट्रॅक बुडत होता आणि कॅप्टन भाषण देत होता. सालिनास बटण दाबत होता, सोडत होता, परत दाबत होता. त्याचा एक शब्द पलीकडे गेला नाही.

सालिनासने हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. म्हणाला, "दोर धर."

दोराचं दुसरं टोक घेऊन तो पाण्यात गेला. वरच्या झाकणातून ट्रॅकच्या आत गेला. मी काठावर दोर धरून उभा. थोड्या वेळाने न्येवेस वर आला, खोकत, अर्धमेला. आम्ही त्याला ओढलं. त्याच वेळी धारेने ट्रॅक कुशीवर लोळवला. दोर माझ्या हातात ढिला पडला. सालिनासला बाहेर काढलं तेव्हा दुपार झाली होती.

आठवड्याच्या आत कॅप्टनचा रिपोर्ट आला. स्टाफ सार्जंट सालिनास यांनी रेडिओ शिस्त मोडली आणि हुकमाशिवाय आपली गाडी सोडली, मृत्यूला त्यांचा स्वतःचा निष्काळजीपणा कारणीभूत. चोर तो चोर वर शिरजोर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघांनी मला धरलं नसतं तर मी कॅप्टनच्या ऑफिसात घुसलो असतो, आणि आज ही आठवण तुरुंगातून लिहीत असतो.

कॅम्पच्या चॅपलमध्ये मेमोरियल झालं. आर्मीत एक रीत आहे. फर्स्ट सार्जंट कंपनीची हजेरी घेतो. दोन-तीन जिवंत माणसांची नावं पुकारतो, ते ओ देतात. मग मेलेल्याचं नाव तीनदा पुकारतो. डॉब्सने पुकारलं. सार्जंट सालिनास. स्टाफ सार्जंट सालिनास. स्टाफ सार्जंट इग्नासियो सालिनास. उत्तर द्यायचं नसतं. ती शांतता हाच मान. आम्ही सगळे ताठ उभे राहिलो आणि गप्प राहिलो.

बाहेर एल्विराने मला गाठलं. विचारलं, तुम्ही सगळे गप्प का बसलात? मी तिला रीत समजावली. ती म्हणाली, आमच्यात मेलेल्याचं नाव पुकारलं की जिवंत माणसांनी त्याच्या वतीने ओ द्यायची असते.

"तुमच्या त्या कॅप्टनला हेच हवंय," ती म्हणाली. "गप्प राहणारी माणसं."

तिने तिथेच सांगितलं, मेडल नको, भाषण नको, निष्काळजीपणा हा शब्द माझ्या नवऱ्याच्या नावावरून पुसला गेला पाहिजे. कमिटीचे म्हातारे कामाला लागले. पत्रं, फोन, गेटबाहेर उन्हात मेडलं लावून उभं राहणं. गाववाले गाडीच्या काचा खाली करून त्यांना शिव्या देऊन जायचे. जे दोन युद्धांत लढले त्यांना "परत जा" म्हणायचे. कुठे परत जा? त्यांच्या आज्यांची थडगी त्याच मातीत होती. शेवटी वरून एक कर्नल आला, चौकशी परत उघडली, आणि घरच्यांना व कमिटीला आत बसू दिलं.

कंपनीच्या क्लासरूममध्ये चौकशी होती. दारावर तो कागद तसाच. एका अधिकाऱ्याने वाचायला सुरुवात केली, "स्टाफ सार्जंट इग्नासियो सालिनास यांच्या मृत्यूच्या..."

एल्विरा उभी राहिली. "प्रेसेंते," म्हणाली. म्हणजे हजर.

अधिकारी थांबला. मागचे म्हातारे एकेक करून उभे राहिले. प्रेसेंते. प्रेसेंते. न्येवेस साक्षीदारांच्या बाकावर होता, युनिफॉर्ममध्ये. तो उठला आणि कॅप्टनकडे बघून म्हणाला, प्रेसेंते. मीही उठलो. माझ्या तोंडून शाळेत निघायचं तेच निघालं. हजर. कॅप्टन लाल होऊन उभा राहिला. सर, या कंपनीत ऑर्डर आहे, म्हणाला.

"बसा, कॅप्टन," कर्नल म्हणाला.

मी जे ऐकलं ते सांगितलं. पण मी तक्रारीतला साक्षीदार, माझ्या शब्दाला किती वजन? मग डॉब्सला बोलावलं. त्या दिवशी तो कमांड ट्रॅकमध्ये कॅप्टनच्या शेजारी बसला होता. वीस वर्षं नोकरी केलेला, पेन्शनला टेकलेला माणूस. मला वाटलं, हा मूग गिळून बसणार.

"प्रायव्हेट न्येवेस मदत मागत होता तेव्हा नेट कुणाकडे होता?" कर्नलने विचारलं.

डॉब्स समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "कॅप्टनकडे, सर."

"किती वेळ?"

"माणूस बुडेपर्यंत, सर."

निष्काळजीपणा हा शब्द रिपोर्टमधून गेला. सहकाऱ्याचा जीव वाचवताना कर्तव्यावर मृत्यू, असं लिहिलं गेलं. एका सकाळी डे-रूमच्या दारावर कागद नव्हता, चार टाचण्यांची भोकं तेवढी होती. कुणी काही जाहीर केलं नाही. कॅप्टनला दुसऱ्या कॅम्पवर टेबलावरचं काम मिळालं आणि पुढे तो मेजर झाला, असं कानावर आलं. माणूस म्हातारा झाला की मऊ होतो म्हणतात. मी झालो नाही. त्याला मी माफ केलेलं नाही, आणि कुणी मला तसं सुचवूही नये.

आता मीही शुगर लँडला असतो. इथल्या मराठी मंडळातली, इथेच जन्मलेली मुलं विचारतात, काका, वेअर यू एव्हर इन अ वॉर? मी नाही म्हणतो. त्यांचा इंटरेस्ट तिथेच संपतो.

दर सप्टेंबरात मी पहाटे निघून त्या गावी ड्राइव्ह करतो. एका रस्त्याला सालिनासचं नाव द्यायला गावाने दोनदा नकार दिला, म्हणून कमिटीने हॉललाच त्याचं नाव दिलं. तिथे हजेरी मी घेतो. गेल्या वर्षी खुर्च्या बऱ्याच रिकाम्या होत्या. म्हातारे गेले. न्येवेसही गेला, आजारपणात, घरच्या पलंगावर, पोरंबाळं भोवती असताना. एल्विराला आता उभं राहवत नाही.

मी सालिनासचं नाव तीनदा पुकारलं. ती खुर्चीतूनच म्हणाली, प्रेसेंते. मग न्येवेसचं नाव पुकारलं. त्याची मुलगी उठली. त्या दिवशी तान्ही असलेली, आता केस पिकायला लागलेली. तिने बापाच्या वतीने ओ दिली.

मी दोघांसाठीही म्हटलं, हजर.