झिबलकाकांनी मागून घेतलेले शब्द

दिवाळीच्या तोंडावर झिबलकाका कोणाकडे चहाला जाऊन बसले की तो घरचा माणूस सावरून बसायचा. मंडईची दंडार जवळ आलेली असायची, आणि वर्षभरात आपण कुठेतरी एखादा शब्द भलताच बोलून बसलो, हे त्याला कळून चुकायचं.

एकोडीजवळच्या आमच्या गावात भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या दिवशी भर दुपारी दंडार, म्हणजे नाचगाण्याचा आणि सोंगांचा खेळ. त्यात मोठमोठे शब्द भलत्याच जागी वापरणाऱ्या पुढाऱ्याचं सोंग काकांचं. काका धानाची शेती करायचे, शाळेत दुसरीपर्यंत गेलेले. एकही चूक मनानं रचत नसत. "बनवलेल्या चुकीले कोणी हासत नाही, पोरी. माणसाच्या तोंडून पडलेली पाह्यजे." पण पडली म्हणून उचलायची नाही, ज्याची त्याला मागायची. माजी सरपंच एकदा समाजमंदिराचं 'उत्खनन' झालं असं जाहीर करून बसले होते. काकांनी तो शब्द मागितला तेव्हा आधी तापले. दोन कप चहा झाल्यावर एका अटीवर कबूल झाले: सोंगानं टोपी त्यांचीच घालायची.

काका बोलायचे, मी लिहून घ्यायची. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी साकोलीच्या कॉलेजातून बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली. हे मी आजही कोणी न विचारता सांगते. गावानं विहारात सत्कार ठेवला. बाबा राइस मिलमध्ये हमाली करायचे. जन्मात पहिल्यांदा माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझी पोरगी बी.ए. झाली, याबद्दल मी साऱ्या गावाजवळ दिलगिरी व्यक्त करतो."

सगळे पोट धरून हसले. रेडिओवरचा माणूस कार्यक्रम बंद पडला की किती नम्रपणे दिलगिरी व्यक्त करायचा! बाबांना तो आभाराचाच भारी शब्द वाटला होता. मी मान वर केली नाही.

त्या दिवाळीत मी तेच वाक्य सोंगाच्या तोंडी लिहिलं. लोक हसणारच आहेत, तर आपणही हसतो असं दिसावं, एवढाच माझा हिशोब. काकांना वाचून दाखवलं.

"बापाले इचारलं का?"

मी म्हटलं, त्यांना काय विचारायचं, घरचेच तर आहेत.

"घरच्याले तं पयले इचारावं," म्हणाले आणि कागद माझ्याच हातात परत दिला.

आठ दिवस टाळलं. शेवटी बाबा जेवायला बसले असताना त्या शब्दाचा खरा अर्थ सांगितला आणि विचारलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे लोक खुशीनं नव्हते हासले?"

एवढी शिकलेली मी, त्यांच्या ताटात नुसती भाजी वाढली. बाबा हात धुऊन तडक काकांकडे गेले. मला वाटलं, आता ते मंडईला यायचेच नाहीत. परत आले ते मात्र हसत. काका त्यांना म्हणाले होते, "मी वीस वर्सं झाले चुकीचे शब्द बोलून राहिलो, पण माह्या घरी एक बी.ए. नाही निघाली. तुहा शब्द लकी आहे, मले दे."

बाबांनी दिला. दंडारीत काकांनी ते वाक्य टाकलं तेव्हा सारं गाव हसलं आणि पहिल्या ओळीकडे वळून पाहू लागलं. तिथे बाबा शेजाऱ्याला कोपरानं ढोसून सांगत होते, "माहा शब्द आहे."

आता मी साकोलीला मराठी शिकवते. धड्यात असं शब्दांची गडबड करणारं पात्र आलं की मुलं विचारतात, लेखकाला हे सुचतं कुठून? मी त्यांना काकांच्या चहाबद्दल सांगते.

काका गेले त्याला काही वर्षं झाली. हे लिहिण्याआधी मी काकींकडे जाऊन बसले, चहा घेतला आणि रीतसर परवानगी मागितली. काकी सुपातल्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, "लिही. पण बुढ्याले जास्त शहाणा नको करू. अर्धे शब्द माहे होते. मले कधी नाही इचारलं."